मल्टीट्रॅक रेकॉर्डिंग म्हणजे काय? लाइव्ह कार्यक्रमात आणि स्टुडिओत प्रत्येक आवाज वेगळा कसा रेकॉर्ड करायचा

गावातल्या भजनाचा, कॉलेजच्या बँडचा किंवा एखाद्या मैफलीचा व्हिडिओ तुम्ही मोबाइलवर नक्कीच काढला असेल. चित्र छान येतं, पण आवाज ऐकला की मूड जातो. टाळ कानात घुसतात, पेटी कुठेतरी लांब वाजते आणि बुवांचे शब्द कळतच नाहीत. मग वाटतं, आवाजाची पातळी नंतर थोडी नीट करता आली असती तर?

करता येते. पण त्यासाठी प्रत्येक आवाज आधीच वेगवेगळा साठवलेला असावा लागतो. यालाच मल्टीट्रॅक रेकॉर्डिंग म्हणतात. या लेखात आपण ते काय असतं, त्याला काय सामान लागतं, लाइव्ह आणि स्टुडिओ यात फरक काय, आणि हातात फक्त मोबाइल असेल तरी काय करता येईल, हे सगळं पाहणार आहोत.

## मल्टीट्रॅक म्हणजे नेमकं काय?

समजा तुम्ही मिसळ खाताय. उसळ, तर्री, फरसाण, कांदा, लिंबू सगळं वेगवेगळ्या वाटीत आलं तर तिखट किती घ्यायचं ते तुम्ही ठरवता. सगळं आधीच कालवून आलं तर नंतर तर्री बाजूला काढता येत नाही. रेकॉर्डिंगचंही तसंच आहे.

- मोनो किंवा स्टिरिओ रेकॉर्डिंग: सगळे आवाज एक किंवा दोन चॅनलमध्ये एकत्र मिसळलेले. नंतर फक्त एकूण आवाज कमी-जास्त करता येतो.
- मल्टीट्रॅक रेकॉर्डिंग: प्रत्येक माइकचा आवाज स्वतःच्या ट्रॅकवर. नंतर पेटी वाढवा, टाळ कमी करा, गायकाच्या आवाजाला थोडा रिव्हर्ब द्या, सगळं शक्य.

इथे दोन शब्द नीट समजून घ्या. चॅनल म्हणजे आवाज आत येण्याची वाट (एक माइक, एक चॅनल). ट्रॅक म्हणजे तो आवाज जिथे साठवला जातो ती पट्टी. ८ चॅनल एकाच वेळी आत घेता आले, तरच ८ ट्रॅक एकाच वेळी रेकॉर्ड होतात. एखाद्या ॲपमध्ये ३२ ट्रॅक बनवता येतात, याचा अर्थ ३२ माइक एकदम रेकॉर्ड होतील असा नाही. खरेदी करताना बहुतेक लोक इथेच फसतात.

## थोडासा इतिहास

पूर्वी मुंबईच्या फिल्म स्टुडिओंमध्ये गायक आणि पूर्ण वाद्यवृंद एकत्र बसायचे आणि गाणं सलग रेकॉर्ड व्हायचं. शेवटच्या कडव्यात एका व्हायोलिनवाल्याचा सूर चुकला, तर सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून.

अमेरिकेत लेस पॉल नावाच्या गिटारवादकाने १९४८ मध्ये 'लव्हर' या गाण्यात स्वतःच वाजवलेल्या गिटारचे ८ भाग एकावर एक चढवले, तेही टेपवर नाही तर डिस्कवर. प्रत्येक नवा भाग चढवताना आधीचा भाग पुन्हा कॉपी व्हायचा आणि थोडा खराब व्हायचा. पुढे १९५७ मध्ये अँपेक्स कंपनीने त्याच्यासाठी ८ ट्रॅकचं टेप मशीन बनवलं. त्यात आधीचे ट्रॅक ऐकत ऐकत नवा ट्रॅक बरोबर तालात भरता यायचा. आज आपण ज्याला ओव्हरडब म्हणतो ते हेच.

बीटल्सचा 'सार्जंट पेपर' हा १९६७ चा गाजलेला अल्बम ४ ट्रॅकच्या मशीनवर झाला. चार ट्रॅक भरले की ते मिसळून दुसऱ्या मशीनच्या एक-दोन ट्रॅकवर उतरवायचे आणि उरलेल्या जागेत नवीन आवाज भरायचे. १९७९ मध्ये टीॲक कंपनीने साध्या कॅसेटवर ४ ट्रॅक रेकॉर्ड करणारं 'पोर्टास्टुडिओ १४४' आणलं आणि मल्टीट्रॅक घरात आलं. ब्रूस स्प्रिंगस्टीनचा १९८२ चा 'नेब्रास्का' हा अल्बम अशाच मशीनवर घरी रेकॉर्ड झाला होता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अलेसिसचं 'एडॅट' आलं, ज्यात व्हिडिओ कॅसेटवर ८ डिजिटल ट्रॅक बसायचे. त्याच सुमारास प्रो टूल्स आलं आणि काम हळूहळू कॉम्प्युटरवर गेलं.

आज तुमच्या खिशातला फोन ट्रॅकच्या संख्येत बीटल्सच्या मशीनच्या कितीतरी पुढे आहे. अडचण फक्त आवाज आत घेण्याची आहे.

## काय काय सामान लागतं?

१. माइक. मुख्य दोन प्रकार. डायनॅमिक माइक दणकट असतो, त्याला वीज लागत नाही, आणि तो आजूबाजूचे आवाज तुलनेने कमी घेतो. शुअरचा एसएम५८ हा स्टेजवर सर्वात जास्त दिसणारा माइक याच प्रकारातला. कंडेन्सर माइक जास्त बारकावे पकडतो, पण खोलीतला पंखा आणि रस्त्यावरचा हॉर्नही पकडतो. त्याला बहुतेक वेळा ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते. ती इंटरफेस किंवा मिक्सरकडून केबलमधूनच येते.

२. एक्सएलआर केबल. तीन पिनवाली केबल. तिच्यात एकच सिग्नल सरळ आणि उलटा असा दोन तारांतून जातो. वाटेत शिरलेली खरखर दोन्हीत सारखीच येते, त्यामुळे दुसऱ्या टोकाला ती वजा होते. म्हणूनच ही केबल २०-३० मीटर लांब असली तरी आवाज स्वच्छ राहतो.

३. ऑडिओ इंटरफेस. माइकचा अगदी बारीक सिग्नल मोठा करून त्याचे डिजिटल आकडे बनवणारा आणि यूएसबीने फोन किंवा लॅपटॉपला देणारा डबा. फोकसराइट स्कारलेट २आय२ मध्ये २ माइक लागतात, १८आय२० मध्ये ८. मग १८ हा आकडा कुठून आला? ८ ॲनालॉग, ८ ऑप्टिकल केबलमधून आणि २ डिजिटल इनपुट, असे मिळून १८. म्हणजे नुसते माइक जोडायचे असतील तर ८ च.

४. डीएडब्ल्यू. म्हणजे रेकॉर्डिंग आणि मिक्सिंगचं सॉफ्टवेअर. लॅपटॉपवर रीपर (६० दिवस वापरून पाहता येतं, नंतर लायसन्स घ्यायचं) लाइव्ह मल्टीट्रॅकसाठी भरवशाचं आहे. ऑडॅसिटी मोफत आहे. आयफोन-आयपॅडवर गॅरेजबँड मोफत मिळतं. अँड्रॉइडवर 'ऑडिओ इव्होल्यूशन मोबाइल' हे ॲप स्वतःच्या यूएसबी ड्रायव्हरने जास्त चॅनलचे इंटरफेस वापरू शकतं.

५. हेडफोन. कान पूर्ण झाकणारा, वायरवाला. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोहोचतो, त्यामुळे गाताना किंवा वाजवताना तो उपयोगाचा नाही.

### खरेदीआधी हे नक्की वाचा

बाजारात '१२ चॅनल यूएसबी मिक्सर' असं लिहिलेले भरपूर मिक्सर मिळतात. त्यातल्या अनेकांमधून यूएसबीने फक्त २ चॅनल बाहेर पडतात, म्हणजे तयार मिसळ! वेबसाइटवर माहितीपत्रक उघडा आणि 'यूएसबी २ इन, २ आउट' लिहिलंय का ते बघा. तसं असेल तर तो मल्टीट्रॅक नाही, मग पुढच्या बाजूला कितीही बटणं असोत. 'मल्टीट्रॅक यूएसबी' असं स्पष्ट लिहिलेलं आणि चॅनलचा आकडा दिलेला असेल तरच पैसे द्या.

## लाइव्ह रेकॉर्डिंग: एकच संधी असते

स्टुडिओत चुकलं तर परत गाता येतं. लाइव्हमध्ये नाही. ऐंशी वर्षांचे बुवा वर्षातून एकदाच ती जुनी चाल म्हणतात, आणि पुढच्या वर्षी ते असतील का हे कोणी सांगू शकत नाही. त्या रात्रीचं रेकॉर्डिंग बिघडलं की ती चाल गेली. म्हणून लाइव्हमध्ये तयारीला जास्त महत्त्व आहे.

### मिक्सरच्या मेन आउटवर भरवसा का ठेवू नये?

बहुतेक लोक साउंडवाल्या दादांच्या मिक्सरमधून एक वायर काढून रेकॉर्डरला लावतात. घरी आल्यावर ऐकतात तर गायकाचा आवाज प्रचंड मोठा आणि पखवाज जवळजवळ गायब. यात साउंडवाल्यांची चूक नसते. त्यांनी मिक्स हॉलसाठी केलेला असतो. पखवाज आणि टाळ मुळातच मोठ्याने वाजतात, ते हॉलमध्ये थेट ऐकू येतात, म्हणून स्पीकरमध्ये त्यांची फारशी गरज नसते. मेन आउटमध्ये फक्त स्पीकरला जे लागतं तेच येतं.

उपाय तीन आहेत:

- डिजिटल मिक्सर असेल तर: बेरिंजर एक्स३२ सारखा मिक्सर एका यूएसबी केबलमधून ३२ चॅनल वेगवेगळे लॅपटॉपला देतो. साउंडक्राफ्ट यूआय२४आर थेट पेनड्राइव्हवर २२ ट्रॅक रेकॉर्ड करतो. कार्यक्रमाच्या दोन-तीन दिवस आधीच साउंडवाल्यांना फोन करून मिक्सरचं मॉडेल विचारा.
- साधा ॲनालॉग मिक्सर असेल तर: मागे प्रत्येक चॅनलला 'डायरेक्ट आउट' आहे का बघा. तो फेडरच्या आधीचा असला पाहिजे, म्हणजे साउंडवाल्यांनी फेडर खाली-वर केला तरी तुमचं रेकॉर्डिंग हलत नाही.
- दोन्ही नसेल तर: स्प्लिटर वापरा. एका माइकची केबल दोन वाटांना जाते, एक मिक्सरला आणि एक तुमच्या इंटरफेसला.

एक गोष्ट लक्षात ठेवा. डिजिटल मिक्सरमधून येणारा सिग्नल फेडरच्या आधीचा असला तरी गेनच्या नंतरचा असतो. कार्यक्रम चालू असताना गेनचा नॉब फिरवला तर तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज अचानक बदलेल. म्हणून आधीच विनंती करा: "दादा, साउंडचेक झाल्यावर गेनला हात नको लावू या, फेडरवरच काम करू या."

### ८ चॅनलमध्ये भजन कसं बसवायचं?

| चॅनल | आवाज | माइक कुठे |
|---|---|---|
| १ | बुवा | तोंडापासून ८-१० सेंटीमीटर |
| २ | दुसरा गायक | तसंच |
| ३ | पेटी | ३० सेंटीमीटरवर, भात्यापासून थोडा लांब |
| ४ | पखवाज, शाईची बाजू | १५-२० सेंटीमीटर |
| ५ | पखवाज, कणीक लावलेली बाजू | १५-२० सेंटीमीटर |
| ६ | तबला-डग्गा | दोघांच्या मध्ये, थोडा वरून |
| ७ | कोरस आणि टाळ | समोरून १-१.५ मीटर |
| ८ | हॉल आणि श्रोते | मागे, उंचावर |

टाळाला वेगळा जवळचा माइक सहसा लागतच नाही. तो सगळ्या माइकमध्ये आपोआप येतो. खरी कसरत असते ती त्याला गायकाच्या माइकमधून बाहेर ठेवण्याची. गायकाच्या माइकची पाठ टाळकऱ्यांकडे येईल अशी बैठक मांडली तर अर्धं काम तिथेच होतं, कारण स्टेजवरचे माइक मागून कमी ऐकतात.

आठवा चॅनल बरेच लोक विसरतात. जवळचे माइक लावलेलं रेकॉर्डिंग स्वच्छ असतं, पण कोरडं वाटतं. गजराच्या वेळी सगळा हॉल एकत्र म्हणतो तेव्हा अंगावर जो काटा येतो, तो या माइकमध्येच असतो.

### एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये

याला ब्लीड म्हणतात. तो पूर्ण थांबवता येत नाही, कमी करता येतो. सोपा नियम आहे तीनास एकचा: माइक वाद्यापासून जितका लांब, त्याच्या निदान तिप्पट लांब दुसरा माइक ठेवा. पेटीचा माइक ३० सेंटीमीटरवर असेल तर शेजारचा माइक पेटीच्या माइकपासून ९० सेंटीमीटर तरी लांब हवा.

हे कशासाठी? आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे १ मीटरला जवळपास ३ मिलिसेकंद. एकच आवाज दोन माइकमध्ये वेगवेगळ्या वेळी पोहोचला आणि दोन्ही ट्रॅक एकत्र केले, की काही सूर एकमेकांना खाऊन टाकतात आणि आवाज पोकळ, डब्यातून आल्यासारखा लागतो. दुसरा माइक लांब असेल तर त्यात तो आवाज इतका बारीक येतो की फरक जाणवत नाही.

### विजेची खरखर आणि सुरक्षितता

रेकॉर्डिंगमध्ये 'घूँऽऽ' असा आवाज येत असेल तर बहुतेक वेळा तो अर्थिंगचा घोळ असतो. लॅपटॉप आणि मिक्सर वेगवेगळ्या ठिकाणच्या बोर्डवर लावले की असं होतं. दोन्ही एकाच बोर्डवर घ्या, किंवा लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. तरीही जात नसेल तर ग्राउंड लिफ्टचं बटण असलेला डीआय बॉक्स वापरा.

प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही तोडू नका किंवा काढू नका. बऱ्याच ठिकाणी हा 'जुगाड' सर्रास करतात. खरखर जाते खरी, पण उपकरणात वीज उतरली तर ती जमिनीत जाण्याची वाटही जाते. मग माइक ओठाला लावलेल्या गायकाच्या जिवावर बेततं. मांडव ओला असेल तर धोका आणखी मोठा.

## स्टुडिओ रेकॉर्डिंग: एक एक करून

स्टुडिओत सगळे एकत्र असण्याची गरज नाही. आधी ताल, मग पेटी किंवा गिटार, मग गाणं. म्हणून २ चॅनलच्या इंटरफेसवरही २० ट्रॅकचं गाणं बनू शकतं. क्रम साधारण असा:

1. क्लिक लावा. ठरलेल्या लयीचा टिकटिक आवाज हेडफोनमध्ये सगळ्यांना. लय नंतर बदलणार असेल तर ती आधीच ठरवा.
2. कच्चं गाणं भरा. साध्या आवाजात पूर्ण गाणं गाऊन ठेवा. वादकांना कुठे काय वाजवायचं ते त्यावरून कळतं. शेवटी हा ट्रॅक काढून टाकायचा.
3. तालवाद्य, मग सुरांची वाद्यं, मग आवाज.
4. पंच-इन: चुकलेली एकच ओळ पुन्हा रेकॉर्ड करा, बाकीचं तसंच ठेवा.
5. कॉम्पिंग: तीन-चार वेळा गाऊन घ्या आणि प्रत्येक वेळची उत्तम ओळ निवडून एक ट्रॅक बनवा.

### लेटन्सी: स्वतःचा आवाज उशिरा का ऐकू येतो?

कॉम्प्युटर आवाज थोडा थोडा साठवून पुढे पाठवतो. या साठ्याला बफर म्हणतात. ४८ किलोहर्ट्झवर २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे ५.३ मिलिसेकंद, १०२४ चा म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंद. आत येताना आणि बाहेर जाताना असा दोनदा उशीर होतो. १०२४ वर गाणं जवळपास अशक्य होतं. म्हणून रेकॉर्डिंगला बफर कमी ठेवा, मिक्सिंगला वाढवा. इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर' बटण असेल तर ते चालू करा. मग तुमचा आवाज कॉम्प्युटरपर्यंत न जाता थेट हेडफोनमध्ये येतो.

### घरचा स्टुडिओ

महागडा फोम नसला तरी चालतं. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे पाठ करून गा, किंवा मागे दोन जाड गोधड्या टांगा. माइक समोरच्या दिशेचं जास्त ऐकतो, म्हणून गोधडी गायकाच्या मागे हवी. पंखा बंद, फ्रिज लांब आणि वेळ अशी निवडा की शेजारी कुकरच्या शिट्ट्या होणार नाहीत.

## आकडे समजून घ्या: सॅम्पल रेट, बिट आणि जागा

- सॅम्पल रेट: सेकंदाला आवाजाचं माप किती वेळा घेतलं. ४८ किलोहर्ट्झ म्हणजे ४८,००० वेळा. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि मापं त्याच्या दुपटीहून जास्त लागतात, म्हणून ४८ पुरेसं आहे. व्हिडिओसोबतही हाच रेट चालतो.
- बिट डेप्थ: प्रत्येक माप किती बारीक. एका बिटला साधारण ६ डेसिबल धरा. १६ बिट म्हणजे ९६, २४ बिट म्हणजे कागदावर १४४. रेकॉर्डिंगला नेहमी २४ बिट ठेवा, म्हणजे लेव्हल थोडी कमी ठेवूनही खरखर येत नाही.

४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर एका ट्रॅकला मिनिटाला साधारण ८.६ एमबी लागतात. त्यावरून:

| किती ट्रॅक | १ तास | ३ तास |
|---|---|---|
| १ | सुमारे ०.५ जीबी | सुमारे १.६ जीबी |
| ८ | सुमारे ४.१ जीबी | सुमारे १२.४ जीबी |
| १६ | सुमारे ८.३ जीबी | सुमारे २४.९ जीबी |

इथे एक छुपा खड्डा आहे. साध्या वेव्ह फाइलला ४ जीबीची मर्यादा असते. आठही चॅनल एकाच फाइलमध्ये भरले तर ही मर्यादा सुमारे ६२ मिनिटांत गाठली जाते. काही उपकरणं आपोआप नवी फाइल सुरू करतात, काही थांबतात. म्हणून प्रत्येक चॅनलची वेगळी फाइल होईल असं सेटिंग ठेवा. मग एकेका फाइलला आठ तासांहून जास्त वेळ मिळतो. कार्यक्रमाआधी घरी तासाभराहून मोठं चाचणी रेकॉर्डिंग करून बघा.

### लेव्हल किती ठेवायची?

डिजिटलमध्ये शून्य ही छताची पातळी आहे. त्याला आवाज धडकला की फाटतो, याला क्लिपिंग म्हणतात, आणि ते नंतर नीट दुरुस्त होत नाही. मोठ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. साउंडचेकला कलाकार नेहमी हात राखून गातात. समोर पब्लिक आलं आणि रंग चढला की आवाज चांगलाच वाढतो. ही जागा त्यासाठीच ठेवायची.

काही नवीन रेकॉर्डरमध्ये '३२ बिट फ्लोट' असतं. त्यात फाटलेला वाटणारा आवाज नंतर खाली आणता येतो. पण माइकच जर ओरडण्याने फाटला असेल तर तिथे काहीच उपाय नाही.

## हातात फक्त मोबाइल आहेत? मग हे करा

चार मित्र, चार फोन. हेच तुमचं ४ ट्रॅकचं मशीन!

1. सगळे फोन एअरप्लेन मोडवर टाका. ऐन रंगात आलेला फोन रेकॉर्डिंग थांबवू शकतो.
2. वेव्ह फाइल बनवणारं रेकॉर्डर ॲप घ्या आणि ४८ किलोहर्ट्झ निवडा. आयफोनच्या व्हॉइस मेमोजमध्ये सेटिंग्जमधून 'लॉसलेस' निवडता येतं.
3. ॲपमध्ये 'ऑटो गेन' किंवा 'नॉइज रिडक्शन' असेल तर बंद करा. हे पर्याय बोलण्यासाठी बनवलेले असतात. तानपुऱ्याच्या सलग आवाजाला ते पंख्याची घरघर समजून कापून टाकतात.
4. एक फोन गायकाजवळ, एक पेटीजवळ, एक तालवाद्याजवळ, एक श्रोत्यांत. खाली घडी केलेला रुमाल ठेवा, म्हणजे टेबलाची धडधड येणार नाही.
5. सगळे चालू झाल्यावर मध्यभागी उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा. शेवटीही एक टाळी.
6. घरी सगळ्या फाइल रीपर किंवा ऑडॅसिटीत एकाखाली एक टाका. टाळीची उंच रेघ लगेच दिसते. चारही रेघा एका ओळीत आणा, झालं.

मग शेवटची टाळी कशासाठी? प्रत्येक फोनचं घड्याळ किंचित वेगळ्या गतीने चालतं. दोन फोनमध्ये दहा लाखांत फक्त २० चा फरक असला, तरी तासाभरात ७२ मिलिसेकंदांचं अंतर पडतं. तेवढ्यात तबल्याचा एक ठोका दोनदा वाजल्यासारखा ऐकू येतो. शेवटच्या टाळीवरून किती सरकलंय ते कळतं. सोपा उपाय म्हणजे प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला ट्रॅक कापून पुन्हा जुळवून घेणं. एकाच इंटरफेसमध्ये ही अडचण येत नाही, कारण तिथे सगळ्या चॅनलना एकच घड्याळ असतं.

फोनला इंटरफेस जोडायचा असेल तर: ड्रायव्हर न लागणारा, म्हणजे 'क्लास कंप्लायंट' इंटरफेस घ्या. ८ चॅनलचा इंटरफेस फोनच्या बॅटरीवर चालत नाही, त्याला स्वतःचा ॲडॉप्टर लागतो. गॅरेजबँडमध्ये सेटिंग्जमधून 'मल्टीट्रॅक रेकॉर्डिंग' चालू करायला विसरू नका.

## मिक्सिंगची पहिली पाच पावलं

1. मूळ फाइलची कॉपी करा. काम नेहमी कॉपीवर.
2. नावं द्या. '०१ बुवा', '०२ पेटी' असं. 'ट्रॅक १७' कोणाचा हे महिन्याने आठवत नाही.
3. हॉलचा माइक जुळवा. तो स्टेजपासून १० मीटरवर असेल तर त्यातला आवाज सुमारे २९ मिलिसेकंद उशिरा येतो. ट्रॅक तेवढा पुढे ओढा आणि ऐकून बघा.
4. गायकाच्या ट्रॅकवर ८० हर्ट्झच्या खालचा भाग कापा. तिथे गाणं नसतं, स्टेजची धडधड असते.
5. आधी फक्त फेडर. इफेक्ट न लावता निव्वळ पातळ्या जुळवून गाणं ऐकण्यासारखं झालं पाहिजे. मग पेटी थोडी डावीकडे, तबला थोडा उजवीकडे सरकवा. रिव्हर्ब सगळ्यात शेवटी, आणि चिमूटभर.

तयार मिक्स फोनच्या स्पीकरवरही ऐका, कारण लोक तिथेच ऐकणार आहेत. आवाज उगाच ठोकून मोठा करू नका. स्पॉटिफाय साधारण उणे १४ लफ्सच्या पातळीला गाणी आणतं, त्यामुळे जास्त मोठं केलेलं गाणं तिथे आपोआप खाली येतं.

## परवानगी आणि जतन

कार्यक्रम सगळ्यांसमोर झाला म्हणून त्याचं रेकॉर्डिंग वाटेल तसं वापरता येत नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ३८ खाली कलाकाराला त्याच्या सादरीकरणावर हक्क दिलेला आहे आणि तो ५० वर्षं टिकतो. यूट्यूबवर टाकण्याआधी कलाकारांना विचारा, शक्य असेल तर व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी होकार घ्या. मल्टीट्रॅकमध्ये तर प्रत्येकाचा आवाज सुटा ऐकू येतो. एखाद्या ज्येष्ठ गायकाचा उघडा पडलेला थकलेला सूर कोणाला पाठवायचा की नाही, हे त्यांनीच ठरवू द्या.

आणि फाइल एकाच पेनड्राइव्हवर ठेवू नका. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक घराबाहेर (क्लाउड किंवा मित्राकडची हार्डडिस्क). मिसळलेल्या एमपी३ बरोबर सुटे ट्रॅकही जपा. पुढे मंडळातला एखादा मुलगा त्यातला फक्त पखवाज ऐकून हात शिकू शकतो.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

एआय ॲपने गाण्यातले आवाज वेगळे होतात, मग मल्टीट्रॅक कशाला?
असे ॲप आवाज, ड्रम, बेस बऱ्यापैकी वेगळे करतात, पण पेटी आणि गायक एकाच सुरात असले किंवा टाळांचा कल्लोळ असला की अवशेष राहतात. जुन्या रेकॉर्डिंगसाठी उपयोगी आहे. नवीन करताना वेगळंच रेकॉर्ड करा.

दोन यूएसबी इंटरफेस एकदम लावता येतात का?
येतात, पण घड्याळं वेगळी असल्याने आवाज सरकतो. त्यापेक्षा ऑप्टिकल इनपुट असलेला एक इंटरफेस घ्या. त्या एका केबलमधून ४८ किलोहर्ट्झवर आणखी ८ चॅनल येतात आणि घड्याळ एकच ठेवता येतं.

लाइट गेली तर?
लॅपटॉपची बॅटरी चालू राहील, पण ॲडॉप्टरवरचा इंटरफेस बंद पडेल. त्याला छोटा यूपीएस लावा. शिवाय बॅटरीवर चालणारा एक फोन श्रोत्यांत कायम चालू ठेवा. सगळं बंद पडलं तरी ती एक प्रत उरते.

सुरुवात किती चॅनलपासून करावी?
दोनपासून. एक आवाज, एक वाद्य. दोन ट्रॅक नीट जमले की चार, मग आठ. पुढच्या एकादशीला गावात भजन असेलच. साउंडवाल्या दादांना आजच फोन करून मिक्सरचं मॉडेल विचारून ठेवा.